मित्राचं मृत्युपत्र सांभाळायला घेतलं आणि लोकमान्य टिळकांच्या मागे १९ वर्षांचा खटला लागला

पाटोदा तालुक्यातल्या कुठल्याही गावात पारावर जमिनीचा विषय निघाला, की तीन शब्द हमखास कानावर पडतात. वारस, फेरफार आणि मृत्युपत्र.

इथल्या हजारो घरांतली कर्ती माणसं वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला बाहेर असतात. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की दहावा-तेरावा उरकून मंडळी पुन्हा फडावर जातात आणि सातबारावर नाव चढवायचं राहून जातं. पाच-दहा वर्षांनी कुणीतरी एक कागद घेऊन उभा राहतो. हे मृत्युपत्र, हा दत्तक, ही सही. तिथून भाऊबंदकी सुरू होते.

असल्या वादाला आपण गावचा वाद समजतो. पण असाच एक वाद देशातल्या सगळ्यात मोठ्या पुढाऱ्याच्या मागे लागला होता. त्यात त्याला शिक्षा झाली, त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याचा शिक्का बसला आणि प्रकरण थेट लंडनला गेलं. विशेष म्हणजे या वादाचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस मराठवाड्यात घडला होता, निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादमध्ये. तेव्हा पाटोदा, बीड हा सगळा भाग त्याच राज्यात होता.

त्या पुढाऱ्याचं नाव बाळ गंगाधर टिळक. आणि प्रकरणाचं नाव, ताई महाराज खटला.

वकिलीची परीक्षा दिली, वकिली केली नाही

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी.ए. केलं, त्यांचा हातखंडा विषय गणित. १८७९ मध्ये ते एलएल.बी. झाले. त्या काळात ही पदवी म्हणजे घरात पैशाचा राबता. सरकारी नोकरी नाहीतर वकिली, दोन्ही रस्ते मोकळे होते.

टिळकांनी दोन्ही नाकारले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्यासोबत १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही दोन वर्तमानपत्रं निघाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

आता घर चालवायचं कसं, हा प्रश्न होता. केसरीवर तेव्हा कर्ज होतं. तिथे ती एलएल.बी. कामी आली. टिळकांनी पुण्यात कायद्याचे वर्ग सुरू केले. वकिलीच्या परीक्षेला बसणारी पोरं तिथे यायची. स्वतः कोर्टात उभं न राहणारा हा माणूस दुसऱ्यांना वकील करत होता.

याच सुमाराला त्यांनी भागीदारीत लातूरला कापसाचा जिनिंग कारखानाही काढला. आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा पुढे ज्या लातूरच्या मुलखातून जाते, तिथे. म्हणजे निजामाचं राज्य, तिथले व्यवहार आणि तिथली माणसं टिळकांना अनोळखी नव्हती.

कायद्याच्या बाबतीत त्यांचा लौकिक आणखी एका कामाने वाढला. १८९४ मध्ये बडोदा संस्थानातले अधिकारी वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचखोरीचे आरोप होऊन चौकशी बसली. टिळक बडोद्याला जाऊन बसले आणि बापटांच्या बचावाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कागदपत्रं चाळायची, साक्षीतल्या फटी शोधायच्या, मुद्दे बांधायचे. मित्र अडचणीत असला की टिळक स्वतःची कामं बाजूला ठेवून धावतात, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

हाच स्वभाव तीन वर्षांनी त्यांना महागात पडला.

जामिनावर सुटले आणि मित्राच्या मृत्युशय्येपाशी गेले

१८९७ साल. पुण्यात प्लेगने हाहाकार माजवलेला. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार बिथरलं. केसरीतल्या लिखाणाबद्दल २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला आणि टिळक बाहेर आले.

डोक्यावर राजद्रोहाचा खटला होता. वकील नेमायचे होते, पैसे उभे करायचे होते, वर्तमानपत्राची सोय लावायची होती. अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडेल का?

टिळक पडले. त्यांचे स्नेही बाबा महाराज पंडित अंथरुणाला खिळले होते. बाबा महाराज म्हणजे पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार, कोल्हापूरशी नातं असलेलं पंडित घराणं. इनामं होती, वाडा होता आणि त्याचबरोबर कर्जही होतं. पदरी मुलगा नव्हता. बायको सकवारबाई, जिला सगळे ताई महाराज म्हणत, वयाने जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती आणि गरोदर होती.

७ ऑगस्ट १८९७ रोजी बाबा महाराजांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी ते गेले.

मृत्युपत्र थोडक्यात असं होतं. पोटच्या बाळात मुलगा झाला तर तो वारस. मुलगा झाला नाही, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने मुलगा दत्तक घ्यायचा. वारस सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी बघायचा. या विश्वस्तांमध्ये टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, कुंभोजकर होते आणि नागपूरकर होते.

वाचायला हे साधं वाटतं. पण यात एक मेख होती. बाईच्या मांडीवर मूल द्यायचं, पण त्याला संमती विश्वस्तांची. वाडा नवऱ्याचा, पण किल्ल्या विश्वस्तांकडे. या दोन टोकांत पटलं तर ठीक, नाही पटलं तर कोर्ट ठरलेलं.

मूल जगलं नाही

सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहात १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते तुरुंगात असताना जानेवारी १८९८ मध्ये ताई महाराजांना मुलगा झाला आणि मार्चमध्ये तो गेला. नवरा गेला, मूल गेलं, अंगावर विधवेचं जिणं आणि वय अजून विशीच्या आत. या गोष्टीत टिळकांच्या हालांबद्दल खूप लिहिलं गेलंय. ताई महाराजांच्या वाट्याला काय आलं होतं, तेही ध्यानात ठेवायला हवं.

६ सप्टेंबर १८९८ ला टिळक सुटले आणि पुन्हा इस्टेटीच्या कामाला लागले. विश्वस्ताचं काम दिसतं तसं मानाचं नसतं. देणेकरी दारात उभे असतात, वसुली येत नाही, नोकरचाकरांचा खर्च कमी करावा लागतो. कर्ज फेडायचं तर घरखर्चाला कात्री लावावी लागते. ती कात्री ज्याच्यावर चालते त्याला विश्वस्त वैरी वाटू लागतो. इथेही हळूहळू तेच झालं.

औरंगाबादचा तो दिवस

मुलगा गेल्यामुळे आता दत्तकाचा प्रश्न आला. रिवाज असा, की शक्यतो आपल्याच घराण्यातला, आपल्याच गोत्रातला मुलगा घ्यायचा. पंडित घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. त्यातली निधोन्याची शाखा निजामाच्या मुलखात, औरंगाबादजवळ होती.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले. मुलं पाहिली. जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत पडला. २७ जून १९०१ रोजी त्याच्या बापाने मुलगा दिला आणि ताई महाराजांनी तो मांडीवर घेतला. बाकीचा सोहळा पुण्याला जाऊन करायचा असं ठरलं.

निदान टिळकांची बाजू ही होती.

पुण्याला परत आल्यावर सगळं फिरलं. विश्वस्तांमधले नागपूरकर ताई महाराजांच्या बाजूला गेले. कोल्हापूरच्या पंडित घराण्यातले बाळा महाराज यांना दत्तक घ्यायचं, असं ताई महाराजांनी ठरवलं. औरंगाबादला दत्तक झालाच नाही, आपल्यावर दडपण आणलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. महिनाभरात, म्हणजे जुलै १९०१ च्या अखेरीस त्या कोर्टात गेल्या. टिळक आणि इतर विश्वस्तांना मिळालेलं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मान्यता, रद्द करा अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच महिन्यात कोल्हापूरला बाळा महाराजांचा दत्तकविधी उरकला गेला. कोल्हापूर दरबाराचं बळ बाळा महाराजांच्या पाठीशी होतं.

आता एका इस्टेटीला दोन दत्तक झाले. एक औरंगाबादचा, एक कोल्हापूरचा. आणि कायद्याचा नियम सरळ होता. पहिला दत्तक खरा ठरला, तर दुसरा आपोआप खोटा. त्यामुळे सगळा खटला एकाच प्रश्नावर येऊन ठेपला. २७ जूनला औरंगाबादला मूल मांडीवर बसलं होतं की नव्हतं?

फिर्याद इस्टेटीची, आरोपी टिळक

प्रकरण पुण्याचे जिल्हा न्यायाधीश आणि सरदारांचे एजंट अ‍ॅस्टन यांच्यापुढे चाललं. टिळकांची उलटतपासणी दिवसेंदिवस चालली. ३ एप्रिल १९०२ ला अ‍ॅस्टन यांनी निकाल दिला. प्रोबेट रद्द. आणि एवढ्यावर न थांबता टिळकांवर खोटी साक्ष, बनावट कागद असे एकाहून एक गंभीर आरोप ठेवून त्यांना फौजदारी खटल्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे पाठवण्याचा हुकूम काढला.

प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम हायकोर्टात टिकला नाही. पण फौजदारी खटला सुरू राहिला.

इथे एक फरक समजून घ्या. राजद्रोहात शिक्षा झाली, तेव्हा टिळकांची मान लोकांत उंचावली होती. पण एका विधवेच्या इस्टेटीच्या प्रकरणात खोटं बोलल्याची शिक्षा झाली असती, तर? मग देशासाठी तुरुंगात गेलो हे सांगायलाही तोंड उरलं नसतं. विरोधकांना नेमकं हेच हवं होतं. टिळकांच्या आयुष्यात तुरुंगवास बरेच झाले, पण त्यांच्या सचोटीलाच हात घालणारा खटला हा होता.

खास मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांच्यापुढे सुनावणी लांबतच गेली. टिळक तारखांना हजर राहत होते, केसरी चालवत होते आणि त्याच धामधुमीत त्यांचा वेदांवरचा आर्क्टिक होम हा ग्रंथ १९०३ मध्ये बाहेर आला. कोर्टात मांडीवर मूल बसलं की नाही याची उलटतपासणी आणि घरी वेदांच्या काळाचा हिशेब, असा तो दिनक्रम.

२४ ऑगस्ट १९०३ ला निकाल लागला. १८ महिने सक्तमजुरी आणि १००० रुपये दंड.

त्याच वर्षी ताई महाराज वारल्या. ज्या भांडणाला त्यांचं नाव लागलं, त्याचा शेवट त्यांनी पाहिला नाही.

टिळकांनी सेशन्स कोर्टात अपील केलं. न्यायाधीश लुकस यांनी जानेवारी १९०४ मध्ये शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोषी ठरवणं कायम ठेवलं. टिळकांना तुरुंगात जावं लागलं. काही दिवसांत ते जामिनावर सुटले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. मार्च १९०४ मध्ये सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या खंडपीठाने शिक्षा रद्द केली. टिळक निर्दोष सुटले.

फौजदारी भाग संपला. इस्टेटीचा मात्र अजून बाकी होता.

पुणे, मुंबई आणि लंडन

दिवाणी दाव्यात विश्वस्तांचं मागणं होतं, की जगन्नाथाचा दत्तक खरा ठरवा. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने निकाल दिला. जगन्नाथाचा दत्तक खरा. टिळक जिंकले.

बाळा महाराजांच्या बाजूने हायकोर्टात अपील झालं. ते चालू असताना जुलै १९०८ मध्ये टिळकांना पुन्हा राजद्रोहात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला झाली. १९१० मध्ये हायकोर्टाने पुण्याचा निकाल उलटा केला. टिळक हरले. मुख्य साक्षीदार आणि विश्वस्त दूर मंडालेच्या तुरुंगात आणि इकडे त्याच्या सांगण्यावर कोर्टाने अविश्वास दाखवलेला.

इथे कुणीही सोडून दिलं असतं. इस्टेट काही टिळकांची नव्हती. जिंकले तरी फायदा दुसऱ्याच्या मुलाला. पण हायकोर्टाच्या निकालाचा अर्थ असा निघत होता, की टिळक आणि खापर्डे यांनी मिळून कट केला. तो डाग ठेवून बसणं टिळकांना मान्य नव्हतं. शिवाय मरणाऱ्या मित्राला दिलेला शब्द होता. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. त्या काळात हिंदुस्थानातल्या खटल्यांचं हे शेवटचं कोर्ट.

जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटले. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आला. तो लॉर्ड शॉ यांनी दिला होता. औरंगाबादचा दत्तक खरा. हायकोर्टाचा निकाल रद्द. औरंगाबादच्या त्या दिवसाला तोवर पावणेचौदा वर्षं होऊन गेली होती. याच वर्षी मंडालेत लिहिलेलं गीतारहस्यही छापून आलं. टिळकांच्या आयुष्यातलं हे भरून पावल्याचं साल म्हणायला हरकत नाही.

त्या निकालात असं काय होतं?

हा निकाल बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित या नावाने ओळखला जातो. श्रीनिवास पंडित म्हणजे बाळा महाराज. कायदा शिकणारे आजही हा निकाल वाचतात, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण साक्षीचं. समजा एखादा साक्षीदार कोर्टात एक सांगतोय आणि त्याचाच जुना कागद दुसरं सांगतोय. तर तो कागद आधी त्याच्यापुढे ठेवायचा. त्याला खुलासा करायची संधी द्यायची. त्याच्यापुढे कागद ठेवलाच नाही आणि नंतर निकालात मात्र त्याला खोटा ठरवलं, असं चालणार नाही. तहसीलपासून हायकोर्टापर्यंत कुठेही साक्ष द्यायची वेळ आली, तर हा नियम तुमचं रक्षण करतो.

दुसरं कारण दत्तकाचं. दत्तक खरा ठरायला मुख्य गोष्ट कोणती? होमहवन की देणं-घेणं? एकाच गोत्रातला मुलगा असेल, तर दत्तहोम झाला नाही म्हणून दत्तक मोडत नाही. बापाने प्रत्यक्ष दिला आणि आईने प्रत्यक्ष घेतला, हे महत्त्वाचं. आपल्याकडे मांडीवर देणं म्हणतात, ते नुसतं बोलण्यातलं नाही. खटल्याचा सगळा भार त्या एका कृतीवर होता.

तरीही संपलं नाही

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला म्हणजे इस्टेट हातात आली, असं नाही. ज्याने कोर्टकचेरी केलीय त्याला हे सांगायला नको. निकाल मिळणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं. काही मिळकत कोल्हापूर संस्थानात होती. तिथे ब्रिटिश हद्दीतल्या कोर्टाचा हुकूम थेट चालत नव्हता. त्यामुळे उरलेल्या बाबींवर पुढेही दावे चालू राहिले.

या मधल्या काळात टिळकांनी होमरूल चळवळ उभी केली, लखनौचा करार घडवला, विलायतेला जाऊन आले. पण हा खटला त्यांच्या मागे होताच. जुलै १९२० मध्ये ते मुंबईला आले, त्याला याच प्रकरणाचं उरलेलं काम कारण होतं. तिथेच ते आजारी पडले. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात त्यांचं निधन झालं.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये घेतलेली जबाबदारी १९२० च्या ऑगस्टपर्यंत खांद्यावर राहिली. पूर्ण २३ वर्षं. त्यातली कोर्टाची १९.

आज हीच वेळ आली तर?

ताई महाराजांच्या काळात आणि आजच्या काळात कायदा खूप बदललाय.

१) विधवेचा हक्क : तेव्हा नवऱ्याच्या मिळकतीवर विधवेचा पूर्ण मालकीहक्क नव्हता. तिला पोटगी, राहायला घर आणि फार तर मर्यादित हक्क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हे बदललं. आज मृत्युपत्र नसेल, तर विधवा मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस असते आणि तिच्या वाट्याला आलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालक असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क आहे.

२) दत्तक : १९५६ च्याच दत्तक कायद्यानुसार विधवा स्वतःच्या हक्काने मूल दत्तक घेऊ शकते, मुलगा किंवा मुलगी. विश्वस्तांच्या संमतीची गरज नाही. दत्तहोम बंधनकारक नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं-घेणं आजही लागतंच. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर कोर्ट तो दत्तक कायदेशीर धरून चालतं. खोटा म्हणणाऱ्याने तसं सिद्ध करायचं. औरंगाबादला त्या दिवशी असा एक नोंदवलेला कागद झाला असता, तर १९ वर्षं वाचली असती.

आणखी एक. दत्तक मुलाला पुढचा वारसा मिळतो, पण दत्तकाआधी ज्याच्या नावावर मिळकत झालेली आहे, त्याच्याकडून ती काढून घेता येत नाही.

३) मृत्युपत्र : साध्या कागदावरही चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला मिळकत मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी केली तर उत्तम, कारण मग कागद नंतर बनवला हा आरोप सहसा टिकत नाही. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मृत्युशय्येवरचं मृत्युपत्र म्हटलं की शुद्धीत होते का, हा पहिला प्रश्न येतो.

४) वारस नोंद : माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची माहिती द्यायची असते. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला मुदत मिळते. ऊसतोडीला बाहेर असाल तर गावात कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा, कारण मुदत गेली की नंतर अपिलांचे हेलपाटे आहेत. आणि लक्षात घ्या, सातबारावरचं नाव हा महसुली दाखला आहे. मालकीचा शेवटचा निवाडा दिवाणी कोर्टच करतं.

५) व्यवस्थापक : मृत्युपत्रात कारभार बघायला कुणाचं नाव घालत असाल, तर त्याला आधी विचारा. त्याचे अधिकार किती, घरातल्यांना दरमहा किती द्यायचं, विश्वस्तांत मतभेद झाले तर कुणाचं चालणार, हे स्पष्ट लिहा. बाबा महाराजांच्या मृत्युपत्रात दत्तकाला विश्वस्तांची संमती होती, पण तरुण विधवा आणि विश्वस्त यांचं पटलं नाही तर काय, याचं उत्तर पुढे कोर्टालाच शोधावं लागलं.

टिळकांना आपण असंतोषाचे जनक म्हणून ओळखतो. मंडाले, केसरी, गणेशोत्सव, शिवजयंती हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. ताई महाराज खटल्याला तिथे फार तर एक ओळ मिळते. पण सरकारशी लढताना टिळकांच्या मागे लोक होते. या खटल्यात मात्र घरभेदी आरोप होते, बदनामी होती आणि जिंकून स्वतःला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांनी काम अर्ध्यात टाकलं नाही.

कुणाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना किंवा कुणाच्या इस्टेटीची किल्ली हातात घेताना हे जरूर आठवा. सही एका मिनिटात होते. ती निभवायला कधी कधी अख्खं आयुष्य लागतं.